बाळूदादांचं अंग

मुरबाडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या केबिनमध्ये खुर्ची नव्हती, सीट होतं. भंगारात निघालेल्या एका गाडीचं दोन माणसांचं सीट वर्कशॉपवाल्यांनी काढून आणलं, त्याला खालून लोखंडी पट्ट्या मारल्या आणि माईकसमोर बसवून टाकलं. त्यावर बाळूदादा एकटे बसायचे. तरीही कडेचा दांडा त्यांच्या बरगडीत जायचाच.

कुणी नवा वाहक त्या सीटकडे बघून गालातल्या गालात हसला की दादा त्याच्या आधी बोलून मोकळे व्हायचे. "हस, हस. दोघांची जागा हाय, पन दुसरा कोन बसाया तयारच नाय."

मी शहापूरहून बदलून मुरबाडला आलो तेव्हा मीही असाच हसलो होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि वाहकाला सगळेच म्हणतात तसं 'मास्तर' म्हणायला सुरुवात केली. वयानं आणि हुद्द्यानं ते माझ्यापेक्षा मोठे. पण त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही, आणि मीही त्यांना कधी साहेब म्हटलं नाही. सगळ्या डेपोचे ते बाळूदादाच होते.

मुरबाडला रेल्वे नाही. तालुक्यातल्या माणसाला कुठंही जायचं तर आधी स्टँडवर यावं लागतं, आणि स्टँडवर आलं की बाळूदादांचा आवाज ऐकावा लागतो. माईक नसता तरी चाललं असतं असा तो आवाज. "कल्यानवाले दोन नंबरला. धसईच्या मावश्या, ती तुमची गाडी नाय, उगा चढू नका, तुमची मागं हाय." नियमाप्रमाणे काय बोलायचं ते ठरलेलं असतं, पण दादांना नियम कोण सांगणार? बाजाराच्या दिवशी तर लोक गाडीची वाट बघत नसत, दादा आता कुणाला काय बोलतात याची वाट बघत.

आणि सगळ्यात जास्त ते स्वतःला बोलत. गाडीच्या दारातून चढताना मागं रांग खोळंबली की म्हणायचे, "तुमी व्हा पुढं. मी दोन फेऱ्यांत येतो." शेअर जीपवाले त्यांना लांबून येताना बघून "फुल झाली, फुल झाली" ओरडायचे, आणि दादाच सगळ्यात मोठ्यानं हसायचे. मी इतकी वर्षं माणसांत काढली, पण स्वतःच्या अंगावर इतके विनोद करणारा दुसरा माणूस पाहिला नाही. तेव्हा मला वाटायचं, काय दिलदार माणूस आहे. आम्ही काही बोलायच्या आत स्वतःच बोलून टाकायची ती धडपड होती, हे माझ्या टाळक्यात फार उशिरा शिरलं.

मुरबाड-शहापूरकडच्या लग्नांत त्यांना मोठा मान. हळदीच्या दिवशी मटणाची पंगत बसली की यजमान दादांना मुद्दाम मधोमध बसवायचे, म्हणजे बाकीच्यांना जेवायचा हुरूप येतो. बायका भाकरीवर भाकरी टाकायच्या आणि बघत उभ्या राहायच्या. एकदा तसंच जेवून परत येताना मी त्यांना विचारलं, "दादा, तुम्हाला खरंच एवढी भूक असते?"

"भूक कसली रं मास्तर," ते म्हणाले. "लोकांनला माझं खानं बघायचं असतं. मी काय जेवाया जातो काय?"

शहापूरजवळच्या एका लग्नात त्यांच्याखालची प्लास्टिकची खुर्ची मोडली. नवरा-नवरी स्टेजवर, बँजोवाल्यांनी वाजवायचं थांबवलेलं, आणि भर मांडवात दादा जमिनीवर. दादा तिथंच बसल्या बसल्या म्हणाले, "वाजवा की. थांबलात कशाला? पोरीकडच्यांची खुर्ची हाय, पोराकडच्यांची असती तर टिकली असती." मांडवभर हशा पिकला. चार जणांनी हात देऊन त्यांना उठवलं. त्यांनी कपडे झटकले, वधूपित्याच्या पाठीवर थाप मारली आणि जेवायला बसले.

परतीला ते माझ्या मोटारसायकलवर मागं बसले होते. शहापूर सुटलं. मध्येच म्हणाले, "मास्तर, मागचा टायर बघा जरा. बसला नाय ना?" मी म्हटलं, नाही. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी गाडी थांबवायलाच लावली, खाली उतरले आणि वाकून स्वतः टायर चाचपला. टायरला काही झालं नव्हतं. पुन्हा मागं बसताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सावकाश, बेतानं भार टाकला.

दादांचं घर मुरबाडात, बाजारपेठेच्या मागं. सुमनवहिनी आणि दोन मुलं. आई मात्र गावाला, काळू नदीच्या काठी. चार दिवससुद्धा मुरबाडात राहायला तयार नसे. तिला सगळे 'आये' म्हणत. एवढीशी, वाळकी बाई. नवरा लवकर गेला तेव्हा दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जाऊन, रानातली करवंदं-जांभळं बाजारात आणून विकून तिनं पोरं वाढवली. दादा लहानपणी इतके किडकिडीत होते की हा काही हाती लागत नाही, असं गाव म्हणायचं. म्हणून नंतर त्यांचं जे अंग सुटलं ते आये अभिमानानं मिरवायची. कुणी पाहुणा आला की दादांच्या दंडावर हात मारून म्हणायची, "बघ माझा बाळू. असा ठेवलाय मी."

आयेचा डबा रोज गावच्या पहिल्या गाडीनं यायचा. आमच्या एसटीत अशा डब्यांना तिकीट नसतं. ड्रायव्हरच्या मागच्या खुंटीला पिशवी लटकायची आणि स्टँडवर उतरायची. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, पावसाच्या तोंडावर शेवळाची भाजी. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा धुऊन परत जायचा. घरी बायको असताना आईचा डबा कशाला, असं कुणी विचारलं की वहिनी हसून म्हणायच्या, "त्या डब्यापुढं माझी काय बिशाद?"

मग एका वर्षी दादांनी मोठी रजा काढली. भातसानगरला बहिणीकडे काम आहे, एवढंच सांगितलं. त्यांचे मेव्हणे धरणावर नोकरीला. आम्हाला वाटलं, असेल काही जमिनीचं वगैरे. परत आले तेव्हा जरा उतरलेले वाटले. त्यानंतर मात्र ते आमच्या डोळ्यांदेखत उतरतच गेले. आधी गाल गेले, मग मान दिसायला लागली. होळीला बघितलेला माणूस दिवाळीला ओळखू येईना. त्या दोन माणसांच्या सीटवर दादांच्या शेजारी आता खरंच एक जागा मोकळी राहायला लागली. तिथं ते स्वतःची बॅग ठेवायचे.

एवढं वजन उतरलं तर माणूस खूश दिसायला पाहिजे, असं आपल्याला वाटतं. दादा खूश दिसत नव्हते. ते अजूनही गाडीच्या दारातून तिरपे होऊनच चढायचे. कुठंही प्लास्टिकची खुर्ची दिली की आधी हातानं दाबून बघायचे. शर्ट जुन्याच मापाचे घ्यायचे, आणि बाह्या मनगटापर्यंत, बटणं गळ्यापर्यंत, भर उन्हाळ्यातसुद्धा. विनोद बंद झाले. करणार तरी कशावर? माईकवर आता नियमाप्रमाणे जेवढं बोलायचं तेवढंच ऐकू यायचं.

एकदा मी केबिनमध्ये हिशेब देत असताना खिडकीत एक आजी आली. दादांकडे नीट बघून तिनं विचारलं, "हितं ते जाडं साहेब व्हतं ते कुठं गेलं?"

"गेले बदलून," दादा म्हणाले.

"अरं अरं. लय चांगला मानूस. कुठं गेलं?"

"लांब गेले, आजी. आता नाय येनार."

आजी हळहळत निघून गेली. मी हसायला तोंड उघडलं आणि दादांचा चेहरा बघून मिटलं.

लोक काय म्हणायचे ते सांगायला नको. आमच्याकडे माणूस जाड झाला की लोक तोंडावर हसतात, आणि बारीक झाला की पाठीमागं कुजबुजतात. साखर असेल, टीबी असेल. काही जण आवाज खाली आणून 'तसला' आजार म्हणायचे. दादांच्या हातचा चहा घ्यायचं एकदोघं टाळायला लागले. लग्नाच्या पत्रिका यायच्या, पण पंगतीत त्यांना मधोमध बसवायचं बंद झालं. आजाऱ्याला कोण दाखवायला बसवणार?

खरं काय ते मला एका दुपारी कळलं. धो धो पाऊस होता. रस्त्यावर झाड पडून गाडी अडकली म्हणून दादा स्वतः भिजत जाऊन आले होते. मी विश्रांतीच्या खोलीत गेलो तर ते पाठमोरे उभे, शर्ट काढलेला. खाली बंडी, आणि बंडीच्या खाली पोटावर घट्ट गुंडाळलेला पंचा. तो ओला झाला म्हणून ते सोडत होते. पंचा सुटला आणि आतलं कातडं एकदम खाली आलं. पोटाचं, कुशीचं, दंडाचं. माणूस आत नसलेल्या कपड्यासारखं ते लोंबत होतं. घड्यांच्या आत घामानं लाल चट्टे पडलेले, त्यावर पावडर. मी दार लावून घ्यायला हवं होतं, पण मी बघतच राहिलो.

दादांनी मला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिकडंच बघत म्हणाले, "आलाच हायस तर बघून घे. मानूस गेला, कापडं ऱ्हायली."

मग त्यांनीच सांगितलं. ठाण्याला जाऊन त्यांनी पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असंच चाललं तर हृदय फार वर्षं साथ देणार नाही. नंतरचे दिवस भातसानगरला बहिणीकडे काढले. आता वाटीभर अन्न गेलं की पोट भरतं. जास्त गेलं तर उलटी. वहिनींना आणि बहिणीला त्यांनी शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही.

मी म्हटलं, "दादा, लोक काय काय बोलतायत. सांगून टाका ना. यात लपवण्यासारखं काय आहे?"

"काय सांगू? तोंड आवरंना म्हनून पोट कापून घेतलं, असं सांगू? आजारी म्हनतात ते परवडलं." ते पंचा पिळत होते. "आनि आयेला काय सांगू? आयुष्यभर तू भरलंस ते मी कापून टाकलं?"

त्यांनी सुका टॉवेल पोटाला गुंडाळला, त्यावर शर्ट चढवला आणि आरशात बघून गळ्याचं बटण लावलं.

डबा मात्र येतच राहिला. त्यातलं सगळं दादांना जाण्यासारखं नव्हतं, आणि नको म्हणावं तर आये विचारणार, का? म्हणून डबा आला की ते केबिनचं दार लोटून घ्यायचे आणि आम्हाला हाक मारायचे. आम्ही दोन-तीन वाहक-ड्रायव्हर तो मिटक्या मारत खायचो. दादा भाकरीचा एक तुकडा तोंडात धरून बसायचे आणि आमच्याकडे बघायचे. संध्याकाळी डबा ते स्वतः घासायचे, पुसायचे आणि गाडीत ठेवायचे. आईला बरं वाटावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

आयेनं मात्र भलताच अर्थ लावला. पोराला तिनं खाण्यापिण्यापलीकडे दुसऱ्या कशानं ओळखलंच नव्हतं. तिच्या मते खाणारं माणूस भरतं आणि न खाणारं वाळतं. डबा तर रोज चाटूनपुसून येत होता. म्हणजे पोरगा खातोय. खाऊनसुद्धा वाळतोय. म्हणजे आत काहीतरी लागलंय, ते त्याचं खाल्लेलं खातंय. दादांनी डबा अर्धा परत पाठवला असता तर ती रागावली असती, चार शिव्या दिल्या असत्या, पण घाबरली नसती. रिकाम्या डब्यानंच तिचा धीर सुटला.

तिनं भाकऱ्या वाढवल्या. डब्याला आणखी एक खण जोडला. आमची पोटं सुटायला लागली. मग तिनं दृष्ट काढली, भगताकडून अंगारा आणला. तो पुडीत बांधून डब्याबरोबरच यायचा. शेवटी गावदेवीला नवस बोलली: माझा बाळू पहिल्यासारखा झाला की त्याला तराजूत बसवून त्याच्या भाराइतका गूळ वाहीन. हे ऐकून दादांचा चेहरा पांढरा पडला. पुन्हा पहिल्यासारखं व्हायचं, आणि तेही गावासमोर तराजूत बसून.

एक दिवस ती स्वतःच पहिल्या गाडीनं स्टँडवर आली, डबा मांडीवर घेऊन. केबिनबाहेरच्या बाकावर बसून बराच वेळ ती काचेतून दादांकडे बघत राहिली. मग आत आली आणि त्यांच्या मनगटाला धरून म्हणाली, "बाळू, खरं सांग. मी धाडते ते समदं खातोस ना?"

आम्ही तिथंच उभे होतो. आदल्या दिवशीची सुकट अजून आमच्या तोंडात घोळत असेल.

"समदं खातो, आये," दादा म्हणाले. "तुकडा बी ठेवत नाय."

तिनं त्यांचं मनगट सोडलं. "मंग लागत का नाय रं अंगाला?" एवढंच ती म्हणाली आणि परतीच्या गाडीची वेळ विचारून गेली. त्या दिवशी दादांनी तिच्या गाडीची घोषणा केली नाही. मलाच करायला सांगितली.

भाताची झोडणी चालू होती तेव्हा आये गेली. झोपेतच गेली, त्रास काही झाला नाही. पण शेवटच्या आठवड्यात शेजारणींना ती एकच विचारत होती, माझ्या आधी माझा बाळू जायचा नाय ना.

मी भेटायला गेलो तेव्हा दादा ओसरीवर कांबळं पांघरून बसले होते. आईविषयी काही बोलले नाहीत. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "मास्तर, दहाव्याला बंडी ठेवली अंगात तर चालंल काय?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. दहाव्याला नदीवर मुलानं डोकं-मिशी काढायची, पाण्यात बुडी मारायची आणि ओलेत्यानं, उघड्या अंगानं पिंडाला बसायचं. समोर सगळी भावकी, सोयरे, गाव. ते एकुलते एक मुलगे होते. त्यांनी आपल्याऐवजी चुलत पुतण्याला बसवायचं म्हटलं, भटजींना विचारलं. भटजींची हरकत नव्हती. पण त्यांचे चुलते, काशिनाथबाबा, ऐकेनात. "आयेचं करायला तुला अंग झाकायला पायजे? ती तुला उघडाच घेऊन फिरली," असं म्हणाले. त्यांना दुसरं काही माहीतच नव्हतं.

दहाव्याला काळूचं पाणी उतरलेलं होतं, खडक उघडे पडलेले. बायका वरच्या अंगाला, पुरुष काठावर. डेपोतले आम्ही सात-आठ जण मागं उभे होतो. न्हाव्यानं दादांचं डोकं केलं. मग ते उठले, पाण्याजवळ गेले आणि आमच्याकडे पाठ करून शर्ट काढला. बंडी काढली. पंचा सोडायला त्यांना फार वेळ लागला. बुडी मारून ते वर आले आणि काठाकडे वळले.

मी खाली बघितलं. बाजूच्यानंही खाली बघितलं. बायकांमधून कुणीतरी "देवा रे" म्हणालं. लोकांनी जे ऐकलं होतं ते आता डोळ्यांनी बघितलं, असं सगळ्यांना वाटलं. हाच तो आजार. दादा दोन्ही हात पोटावर धरून पाटाकडे आले आणि बसले.

पिंड ठेवले. सगळे मागं सरले. पलीकडच्या सादड्याच्या झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. आमच्याकडे कावळा शिवला नाही की गेलेल्याची काही इच्छा राहिलीय असं धरतात, आणि एकेक जण पुढं होऊन शब्द देतो. काशिनाथबाबांनी हात जोडले, "वयनी, तुझी जमीन इकू देनार नाय." कावळा नाही. बहिणीनं म्हटलं, "आये, माहेरपनाला येत जाईन." सुमनवहिनींनी देवघर सांभाळायचा शब्द दिला. कुणी म्हणालं, तिचा नवस राहिलाय, गुळाचा. तोही फेडायचं कबूल झालं. कावळे झाडावरच.

मग एक म्हातारी बोलली, "तिचा जीव पोरात आडकलाय. दुसरं काय नाय."

सगळ्यांना ते एकदम पटलं. काशिनाथबाबा दादांना म्हणाले, "बाळू, तूच बोल. सांग तिला, औषद करीन, बरा व्हईन. मंग शांत व्हईल ती."

"बोल, दादा," चारी बाजूंनी आवाज आले.

किती सोपं होतं. बरा होईन, एवढं म्हणायचं. त्यांनी आयुष्यभर लोकांना हवं तेच बोलून दाखवलं होतं. बहीण आणि वहिनी मान खाली घालून उभ्या होत्या. दादा उठले आणि पिंडाकडे वळले.

"आये," ते म्हणाले, "मी आजारी नाय. कवाच नव्हतो. ठान्याला जाऊन पोट कापून लहान करून घेतलं. लय जाड झालो व्हतो म्हनून. हिला ठाव हाय, ताईला ठाव हाय. तुला सांगायची लाज वाटली." त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. "आनि डबा मी खात नव्हतो. माझ्या पोटात जात नव्हता. डेपोतली मानसं खायची. मी रिकामा करून धाडायचो. तू ज्याला भ्यालीस ते काय नव्हतंच, आये. डबा व्हता फकस्त."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि दाबून टाकलं. मुंबईकडून आलेल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी झाडाकडे बघत होतो. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की आता कावळा येणार, यायलाच पाहिजे. एवढं सगळ्यांसमोर अंग आणि तोंड उघडं करून माणूस उभा आहे, एक कावळा यायला काय हरकत होती?

कावळा आला नाही. ऊन वर चढलं. शेवटी भटजींनी काशिनाथबाबांकडे बघितलं, बाबांनी मान हलवली, आणि भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला. विधी झाला. दादा तिथंच उभे होते. त्यांनी जे सांगितलं ते पोचलं की नाही हे त्यांना आता कधीच कळणार नव्हतं.

यानंतर सोयऱ्यांनी मुलाच्या खांद्यावर टॉवेल टाकायचे असतात. एरवी या वेळी पुढं-मागं चालतं, आधी कोण, मग कोण. त्या दिवशी सगळे घाईघाईनं रांगेत आले. ज्याच्या त्याच्या हातात घडीचा टॉवेल. कधी एकदा ते अंग झाकलं जातंय असं सगळ्यांना झालं होतं. पण पहिला मान आयेच्या माहेरचा. तिचा भाऊ कधीच वारलेला, म्हणून आटगावहून तिची धाकटी बहीण आली होती. चेहरा थेट आयेचा, उंचीही तेवढीच. टॉवेल हातात घेऊन मावशी दादांपुढं गेली आणि उभीच राहिली.

"टाक की गो टावेल," काशिनाथबाबा म्हणाले.

मावशीनं ऐकलं नाही. ती दादांच्या छातीपर्यंत जेमतेम पोचत होती, त्यामुळे ते सगळं तिच्या अगदी डोळ्यांसमोर होतं. ते लोंबणारं कातडं, ऑपरेशनच्या बारीक खुणा, लाल चट्टे. तिनं ते सावकाश बघितलं. मग एका घडीखाली हाताचा तळवा घालून ती वर उचलली, वजन बघावं तशी.

"दुखतं काय रे?"

"नाय गो मावशे."

"मंग असा हात धरून का उभा ऱ्हायलास?"

दादांनी हात पोटावर आणखी घट्ट धरले. "लाज वाटते."

"कवापास्न?"

"जाडा व्हतो तवापास्न," दादा म्हणाले. "आधीपास्नच."

इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी कुणी त्यांना विचारलं नव्हतं. मावशीनं मान हलवली. दादांचे पोटावर धरलेले हात तिनं एकेक करून खाली सोडवले. काशिनाथबाबा पुन्हा काही म्हणायला लागले तेव्हा ती त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "थांबा जरा. ओला हाय तो. अंग वाळू दे, मंग टाकते."

तिनं टॉवेल स्वतःच्याच खांद्यावर ठेवला. दादा उन्हात उभे राहिले, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. त्यांच्यासमोर आम्ही सगळे हातात टॉवेल घेऊन रांगेत उभे होतो, आणि त्यांचं अंग वाळायला फार वेळ लागत होता.